पावडरीची परीक्षा

दोन्ही कप्प्यांतल्या डुकराच्या पिल्लांचं सरासरी वजन अगदी सारखं भरलं: नऊ किलो दोनशे ग्रॅम. लेकीने काटा पुसून पुन्हा वजनं केली. आकडा तसूभरही हलला नाही.

आईचं दूध सुटलं की पिल्लांना हगवण लागते आणि ती खंगतात. म्हणून खाद्यात ताकदीची पावडर मिसळू या, असं ती वर्षभर वडिलांच्या मागे लागली होती. ते नुसतं "बघू" म्हणायचे. शेवटी तिने पैजच लावली: सहा आठवडे डाव्या कप्प्याला पावडर, उजव्याला साधं खाद्य. फरक दिसला नाही, तर पुन्हा पावडरीचं नाव काढणार नाही.

"हरले, बाबा," वही मिटत ती म्हणाली. "तुमचंच खरं. पावडर बंद."

जिंकलेले बाबा कान खाजवत कुंपणाशीच घुटमळले.

"बंद नको गं. उजवीकडची बिचारी रोज शेजारच्या गव्हाणीकडे बघत बसायची. मला तो पंक्तिप्रपंच बघवेना, म्हणून मीच त्यांना गुपचूप चमचाभर घालत होतो. मागच्या खेपेच्या पिल्लांतलं एक तरी या वयात सात किलोच्या वर गेलं होतं का? आण पोतं, सगळ्यांनाच घालू!"