दोघांची मंजुरी

विशालने मंजुरीचं बटण दाबलं तेव्हा त्याची नजर हातातल्या समोशावर होती. 'झकास', त्याने खाली टाइप केलं. मागोमाग सुबोधचीही मंजुरी आली. गंधालीने पाठवलेला बदल कंपनीच्या मुख्य कोडमध्ये जाऊन बसला.

गंधाली उठली आणि सुबोधच्या टेबलापाशी गेली.

"सर, आत्ता काय मंजूर केलंत?"

"तुझा बदल. का गं?"

"वाचलात?"

सुबोध टीमचा प्रमुख. पाच वर्षांपूर्वीच्या गणपतीत कोणाच्या तरी अर्धवट कोडमुळे अ‍ॅप दिवसभर बंद पडलं, तेव्हा पवईच्या या ऑफिसात त्याने नियम आणला. कोणीही कोड लिहिला तरी दुसऱ्या दोघांनी तो वाचायचा, मंजूर करायचा, मगच तो पुढे जाणार. नवीन क्लायंट आला की सुबोध हा नियम आवर्जून सांगायचा.

आता त्याने स्क्रीनकडे नीट पाहिलं. कोडच्या मधोमध साध्या मराठीत एक टीप होती. 'मी, गंधाली तांडेल, राजीनामा देत आहे. कृपया मंजूर करावा.'

"वाट लागली," विशाल मागून पुटपुटला.

"गंमत केली, सर," गंधाली म्हणाली. "कोणी वाचतं का बघायचं होतं. चार वर्षं एकेक ओळ घासूनपुसून पाठवतेय. कोणी कधी साधा प्रश्न विचारला नाही. नुसतं झकास, झकास."

सगळं ऑफिस बघत होतं. सुबोधचे कान लाल झाले. "पुरे. आधी ते काढ तिथून. क्लायंटने बघितलं तर?"

तिने जागेवर येऊन ती टीप काढणारा नवा बदल पाठवला. विशालने लगेच मंजूर केला. सुबोधची मंजुरी मात्र येईना. गंधालीने मान वळवून पाहिलं. तो वाचत होता. हनुवटी हातावर टेकवून, शब्द न् शब्द. तिला उगाचच बरं वाटलं.

"कारण नाही लिहिलंस," सुबोध जागेवरूनच म्हणाला. "राजीनामा मागे घेतेयस ना? मग का घेतेयस, ते लिही. नुसतं 'काढला' म्हटलेलं मी मंजूर करणार नाही."

प्रश्न बरोबर होता. गंधालीने 'कारण मला' एवढं टाइप केलं आणि खोडलं. मग 'कारण इथे' लिहिलं. तेही खोडलं. विशालने तिच्यासाठी आणलेला चहा निवून गेला. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या.

शेवटी सुबोध स्वतःच आला. "अजून नाही झालं? एक ओळ तर लिहायचीय."

"नाही सुचत, सर." तिने लॅपटॉप मिटला. "राहू द्या. तुम्ही आधी मंजूर केलेलंच बरोबर होतं."