आजची तारीख

प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडवली की बुडबुडे थांबेपर्यंत तिला हात लावायचा नसतो. पण आज थांबायला वेळ कुणाकडे होता? खालच्या मजल्यावर बूट वाजत होते. तिने पट्टी तशीच उपसली, पिळली आणि दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या मावशीच्या धाकट्या पोराच्या धडधाकट पायाला गुंडाळायला घेतली.

सतरा वर्षांचं पोरगं ते. घर पडल्यापासून आईबरोबर दवाखान्याच्या जिन्याखाली राहायचं. सोळाच्या वरचा, चालता येणारा प्रत्येक मुलगा सैनिक खंदक खणायला आघाडीवर नेत होते. मावशीचे थोरले दोघे असेच गेले, ते गेलेच. उरला होता हा एकटा. मावशी वॉर्डाच्या दारात फरशी पुसायचं फडकं धरून उभी होती, एक डोळा जिन्याकडे, एक पोराकडे.

"गुदगुल्या होतायत," पोरगं म्हणालं.

"हसतोस काय मेल्या," मावशी दातांवर दात ठेवून म्हणाली.

मांडी, गुडघा, नडगी, टाच. बोटं मोकळी. शेवटची पट्टी संपली. तिने दोन्ही तळव्यांनी प्लास्टर गुळगुळीत केलं, खिशातलं मार्कर काढून नडगीवर तारीख घातली आणि हात धुवायला वळली.

शेजारच्या खाटेवर मास्तर होते, दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. ते हळूच म्हणाले, "ताई, तारीख आजची घातलीस."

तीन वर्षं ती हेच काम करत होती. प्लास्टर झालं की तारीख. हात आपला आपण जायचा. जित्याची खोड, दुसरं काय! पण गेले चार दिवस तोफा बंद होत्या. मग आज याचा पाय मोडला कशाने, असं सैनिक विचारणारच. शाई ओल्या प्लास्टरमध्ये मुरली होती, पुसायला जावं तर नडगीभर पसरणार. वरून गुंडाळायला वीतभर पट्टीही उरली नव्हती. तिला स्वतःचाच असा राग आला की मार्कर भिंतीवर फेकून मारावंसं वाटलं.

बूट जिन्यावर आले. तिने मार्करचं टोपण पुन्हा काढलं आणि मास्तरांच्या उजव्या पायावर, जुन्या तारखेखाली, आजची तारीख घातली. मग डाव्या पायावर. मग पलीकडच्या म्हाताऱ्याच्या मनगटावर. मग पुढच्या खाटेवर. अकरा माणसं, चौदा प्लास्टरं. मावशीला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. मास्तरांना मात्र सगळं कळलं. त्यांनी नको नको म्हणून मान हलवली. तिने तिकडे बघितलंच नाही.

कारण उपचार करता येणाऱ्या माणसालाही सैनिक सोडत नसत. डॉक्टर तीन आठवड्यांपूर्वी पळाले म्हणून वाचले. औषधं देणाऱ्याला नेलं, त्याचा अजून पत्ता नव्हता. म्हणून सैनिक आले की ही अ‍ॅप्रन उतरवायची आणि मावशीची भाची व्हायची. आजही तिने अ‍ॅप्रन गादीखाली कोंबला, झाडू घेतला आणि कोपऱ्यात जाऊन खाली मान घातली.

अधिकारी तिच्याच वयाचा असेल. हातात काठी. तो एकेका खाटेशी थांबून प्लास्टरवर काठी वाजवत आला. टक. टक. टक. मावशीच्या पोराशी आला, काठी मारली, आणि आवाज आला भद्द. ओलंच होतं ना ते! पण पोरगं असं काही कळवळून ओरडलं की मास्तरसुद्धा दचकले. अधिकाऱ्याने काठी मागे घेतली. वाकून तारीख वाचली. मग मागे जाऊन मास्तरांची वाचली, म्हाताऱ्याची वाचली.

"सगळ्यांवर आजची तारीख?"

मास्तर म्हणाले की आज सगळ्यांना तपासलं, तपासलं की तारीख घालतात, आणि पोराचं सैल झालं होतं म्हणून ते नवं बसवलं.

"डॉक्टर तर पळाला. मग आज तपासलं कुणी?"

हा प्रश्न येणार, हे तिला मास्तरांच्या पायावर पहिला आकडा काढतानाच कळलं होतं. दाराबाहेर जिना होता, जिन्यावर माणूस नव्हता. पळता आलं असतं. तिने झाडू भिंतीला टेकवला.

"मी."

अधिकाऱ्याने तिच्या बोटांकडे बघितलं. नखांत पांढरं अडकलेलं होतं. त्याला जणू आयतंच घबाड सापडलं. छावणीत तीन तंबू जखमींनी भरलेत, तो म्हणाला, हाडं बसवणारं कुणी नाही. गाडी खाली उभी आहे, चल. परत कधी, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

मावशीने तोंडात पदर कोंबला. आणि पोरगं खाटेवर ताडकन उठून बसलं. चादर बाजूला गेली, दोन्ही हात खाटेच्या कडेवर, चेहरा लालबुंद. आता हा बोलणार, सगळं सांगून टाकणार, हे वॉर्डातल्या आंधळ्यालाही दिसलं असतं.

ती दोन ढांगांत त्याच्यापाशी पोचली. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जोर लावला.

"पाय हलवायचा नाही," ती म्हणाली. "सहा आठवडे."

पोरगं तिच्याकडे बघत राहिलं. मग पाय मोडलेला माणूस होतो तसं, सावकाश, दोन्ही हातांनी पाय उचलून धरत, आडवं झालं.