बयाबाई हयात आहे

एकाहत्तरच्या लढाईत नवरा गेलेल्या बयाबाईला सरकारी चेक आला. वडूजच्या बँकेनं तिच्या हातावर पैसे ठेवले, आणि महिन्याभरात साताऱ्याच्या ट्रेझरीनं तोच चेक परत धाडला. बाई आधीच मयत, सबब बँकेला पैसे मिळणार नाहीत.

निकम मॅनेजर चवताळले. बाईनं त्यांच्या डोळ्यांदेखत अंगठा उठवला होता. त्यांनी ट्रेझरीकडं हरकत नोंदवली आणि मयतीचा दाखला देणाऱ्या पोलीस पाटलाला, म्हणजे बाईची जमीन कसणाऱ्या तिच्या सख्ख्या दिराला, बोलावून घेतलं.

"लालासाहेब, चूक तुमची, निस्तरायचीही तुम्हीच. सोमवारी भावजयीला ट्रेझरीत साहेबापुढं उभी करा. बाई जिती दिसली की आपण जिंकलो."

"आन् माजा दाखला खोटा ठरला तर?"

"मग चौकशी लागेल, दुसरं काय."

लालासाहेबानं पटका नीट केला. "व्हय सायेब. येतो की सोमवारी."

सोमवारी निकम ट्रेझरीच्या दारात वाट बघत उभे राहिले.



लालासाहेब वेळेवर आला. एकटाच, डोक्याचा चकोट करून.