जागसूद

बहात्तरच्या दुष्काळातून तगलेली एकशे सात मेंढरं, चार कोकरं, दोन कुत्री आणि तीन माणसं कराडजवळच्या रानात बाभळीखाली विसावली होती. ऊस तुटून गेला होता. ऐन दुपारी त्यांतली दोनच जागी होती. धुळा बसला होता आणि त्याची बायको धोंडुबाई पदराआडून त्याच्या पापण्या बघत होती. आठवडाभरात त्या मिटल्याच नव्हत्या.

रानाचे मालक लालासाहेब बांधावरून आले.

"काय रं धुळा, लय जागसूद गडी हाईस म्हनं! आमचा राखण्या उभ्यानं घोरतोय. आनखी आठ दिस मेंढरं हितंच बसव, रानाला खत हुईल. धोंडुबाई, दिष्ट काढ बाई ह्याची."

धुळा हसला.  धोंडुबाईचा सासरा असाच गेला होता, थोरला दीरही. "आदी झोप जाती, मग हात, मग वाचा," सासूनं सांगितलं होतं. "वरीस काय पुरं हुत न्हाई."

मालक गेल्यावर तिनं शेळीच्या दुधात अख्खं जायफळ उगाळलं आणि दोन वाट्या भरल्या. जायफळ जुनं होतं. ते लागू पडतं की नाही, हेही कळायला हवं होतं. तिनं धाकट्या दिराला, सिद्धूला, हलवलं.

"वैनी, मला कशाला? आत्ताच पोटभर झोपलोय की."

"पी मुकाट."

वाट्या घासून होईतो सिद्धू पुन्हा आडवा झाला. धुळानं मिशा पुसल्या आणि लोकर कातायची चाती हातात घेतली.

"आवं, पडा की वाईच."

"आली झोप की पडतो. तवर घोंगड्याचं सूत तरी हुईल. तू का रडतीस?"

"धूर गेला डोळ्यात."

"चूल कवाच इझली," धुळा म्हणाला आणि चातीला गिरकी दिली.

ऊन कललं. मेंढरं उठली. सिद्धूला दोनदा गदागदा हलवावं लागलं. धोंडुबाईनं धुळाच्या हातातून चाती घेतली, सूत उलगडलं आणि दोन्ही हात पसरून वावावावानं मोजलं. साठ वाव भरलं. पहिल्या पन्नास वावांत, तुटून बांधलेली, एकच गाठ होती.

शेवटच्या दहांत चौदा.