माशीला दिसलेला हात

"हलू नका बाबा. तुम्ही हललात की तिला कळतं."

बाबा स्टुलावर बसले. आत येताना त्यांचा डावा खांदा चौकटीवर आपटला होता आणि त्यांनी दोष चौकटीलाच दिला होता. शाळा सुटायच्या वेळी बस घेऊन पोचायचं, त्याआधी लेकीची प्रयोगशाळा बघून घ्यावी म्हणून ते डोकावले होते. बसची किल्ली बोटातच होती.

समोर मेणात बसवलेली एक जिवंत माशी. तिच्या मेंदूत केसाहून बारीक तार, ती स्पीकरला जोडलेली. लेकीने माशीपुढून काळ्या पट्ट्यांचा कागद सरकवला. स्पीकर तडतडला.

"डोळ्यातून निघालेली बातमी मेंदूत पोचली की हा आवाज. नुसता डोळा असून भागत नाही, मधली वाट शाबूत लागते."

"आणि वाटच तुटली तर?"

"डोळा चांगला उघडा आणि आत अंधार. बाबा, तुम्ही डोळे तपासून घेणार होतात."

"जन्मभर डोळ्यांत तेल घालून गाडी चालवली. एक अपघात दाखव."

"मग बसचा डावा आरसा कसा फुटला?"

"कुणीतरी घासून गेलं असेल. तू आता माझ्या नोकरीत माशी शिंकवू नकोस."

लेकीने कागद बाजूला ठेवला. बापाशी वाद घालून कोण जिंकलंय? त्यांच्या मागे उभी राहून तिने टेबलावरचा चिमटा घ्यायला त्यांच्या डाव्या गालाजवळून हात पुढे केला.

स्पीकर तडतडला.

तिचा हात तिथेच थांबला. बाबांच्या डाव्या डोळ्यापासून जेमतेम वीतभर. पापणीसुद्धा लवली नव्हती. खात्री करून घ्यायची नव्हती, तरी तिने बोटं हलवली. तडतड. आणखी जवळ नेऊन हलवली. तडतड, तडतड. बाबांची नजर सरळ माशीवर.

खाली रस्त्यावर बस उभी होती. किल्ली बाबांच्या बोटाभोवती गरगर फिरत होती.

लेकीच्या यंत्राचं त्यांना भारी कौतुक वाटलं. त्यांनी हसत उजवीकडे दाराकडे मान वळवली.

"कोण आलं गं? काय दिसलं तिला?"