उंदरांचं वायरिंग

अहल्याअक्कांनी गाडीची डिकी उघडली, उजव्या स्पीकरची तार तिच्या जागेवरून काढली आणि डाव्या स्पीकरच्या तारेशेजारी खुपसली. झालं काम. आता थोडा वेळ भजनं वाजतील, मग अँप्लिफायर तापून गप्प बसेल आणि उद्या, रविवारी, दुकानातून प्रणीत दुरुस्तीला येईल.

ही विद्या प्रणीतनेच दिलेली. अक्कांचा मुलगा शंभूराज अमेरिकेहून आला, वडिलांच्या जुन्या मारुतीत भारी अँप्लिफायर बसवून परत गेला. गाडी चालवायला घरात कोणी उरलं नव्हतं. अक्का नुसत्या आत बसून भजनं ऐकत. प्रणीतने पहिल्याच भेटीत समजावलं होतं, की प्रत्येक स्पीकर चार ओहमचा, त्याला आपली वेगळी जागा हवी. दोन्ही एकाच जागी जोडले की दोनच ओहम उरतात, आणि तेवढा ताण या अँप्लिफायरला सोसत नाही.

रविवारी तो आला आणि डिकीत वाकला.

"पुन्हा?"

"उंदीर असतील रे," अक्का म्हणाल्या.

"यशवंतपूरच्या उंदरांना वायरिंग बरं जमतं."

पोरगा सांगलीचा. शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्यात एका खोलीत एकटा राहायचा. आठवडाभर मोडकं कानडी बोलून त्याची जीभ आंबून जाई. अक्कांच्या थालीपिठापुढे बसला की मात्र गावाकडचं बोलत सुटे. अक्कांनाही तेवढाच एक दिवस घरात माणूस.

जेवण झाल्यावर तो म्हणाला, "आज तारा पक्क्या बांधतो, अक्का. पुन्हा हलायच्या नाहीत."

अक्कांनी ताटं उचलायला घेतली. "सरी, बरं," त्या म्हणाल्या. त्याने पाणी मागितलं. त्या तांब्या घेऊन बाहेर आल्या, तेव्हा डिकी लागलेली होती आणि तो लाल टेपचं रीळ पिशवीत टाकत होता.

सोमवारी दुकानमालकाचा फोन आला. तुमच्याकडून सारखी तक्रार येते, पोराला काम येत नाही, आणखी एक तक्रार आली की त्याला काढूनच टाकतो, म्हणाला. अक्का शरमेने अर्ध्या झाल्या.

"छे हो, गाडी झकास वाजते. प्रणीतचं काम एक नंबर. आता तक्रार यायची नाही."

आपल्या एकटेपणापायी पोराच्या पोटावर पाय आणायचा? देवा रे! आठवडाभर त्या गाडीजवळ फिरकल्या नाहीत. शनिवारी हात शिवशिवले, तर पदरात गुंडाळून घरातच बसल्या.

रविवारी एकटीपुरतं थालीपीठ लावलं. घर खायला उठलं, तेव्हा गाडीत जाऊन बसल्या आणि भजनं लावली. थोडा वेळ वाजली, आणि मध्येच बंद पडली.

सवयीने आपणच काही करून बसलो की काय? अक्कांनी घाबरत डिकी उघडली. दोन्ही स्पीकरच्या तारा एकाच जागी होत्या, आणि वरून लाल टेप पक्की गुंडाळलेली होती.