एकेक टिप

उदयसिंहांनी टेबलावर रुमाल पसरला आणि लेथ चालवणाऱ्या सयाजीनं स्टोअरला परत केलेल्या टिपा त्यावर ओतल्या. नखाएवढ्या, सोनेरी. कडक केलेलं पोलाद लेथवर कापायचं ते या टिपांनी. वरचा सोनेरी थर उडाला, कड झिजली, की टिपेची रवानगी भंगारात.

टिपा पुरवणाऱ्या श्रेणिकनं भिंग लावलं. एकेक उचलली, फिरवली, ठेवली.

"माझ्या मालाला नावं ठिवू नका, साहेब. कोटिंग शाबूत हाय. हिची तर कडसुद्धा झिजली न्हाय."

"मग धडधाकट टिपा भंगारात का काढताय, सयाजीराव?" मॅनेजर उदयसिंहांनी विचारलं. "खरं सांगा. न्हायतर उद्यापासनं कामावर येऊ नका."

सयाजीला खरं सांगायची सोय नव्हती. बायको गेल्यापासून पेठ वडगावच्या घरात बोलायला टीव्ही तेवढा उरला होता, आणि तो कुणाचं ऐकून घेत नव्हता. कारखान्यात मशीनचं दार लावलं की आत पोलाद, बाहेर सयाजी. स्टोअरच्या खिडकीत मात्र क्रांतीबाई असायच्या. जुनी टिप ठेवायची, नवी उचलायची. त्या विचारायच्या, "आज डब्यात काय?"

"पिठलं."

"परत पिठलं?"

एवढीच मिळकत. तेवढ्यासाठी तो चांगली टिप उतरवून खिडकीशी जायचा. व्यवहार तोट्याचा होता, हे त्यालाही कळत होतं.

उदयसिंहांनी क्रांतीबाईंना बोलावून घेतलं.

"बाकीचे आठवड्याच्या टिपांची अख्खी डबी नेतात. ह्यांनाच एकेक का देता? तुम्हालाबी संशय होता म्हणा की."

सयाजीनं मान खाली घातली. पहिल्याच दिवशी त्यानं डबी मागितली होती. "तुम्हाला एकच," म्हणाल्या होत्या. तेव्हापासून तो धरूनच चालला होता, की या बाईंचा आपल्यावर भरवसा नाही.

क्रांतीबाईंनी रुमालावरची एक टिप उचलली. भिंगाकडे पाहिलंही नाही. टिपेची कड नुसती बोटानं चाचपली आणि ती परत जागेवर ठेवली.

"झिजली न्हाय, हे मला रोज दिसत हुतं, साहेब," त्या म्हणाल्या. "पण डबी दिली असती, तर हे परत खिडकीशी आले असते व्हय?"